मधलं शून्य माझं

माझी बायको माझ्याच शाळेत शिकवते आणि मला तिचा हेवा वाटतो. हे सुरुवातीलाच लिहून टाकलेलं बरं. बदलीच्या वेळी नवरा-बायकोला जवळच्या शाळा द्यायची सोय असते. त्या सोयीचा फायदा घेऊन आम्ही दोघं पालम तालुक्यातल्या आतल्या एका वाडीवर आलो, तेव्हा पाहुण्यारावळ्यांना केवढा आनंद झाला होता. एका गाडीवर जाल, एका गाडीवर याल, अजून काय पाहिजे, म्हणाले. जातो-येतो ते खरंच आहे. पण गाडीवर पुढे बसलेल्या माणसाच्या पोटात काय दुखत असतं, ते कोणी विचारलं नाही.

शाळा दोन शिक्षकी. एकच लांब खोली आहे आणि मधोमध एक लोखंडी कपाट आडवं लावून तिचे दोन वर्ग केलेत. पलीकडे पहिली-दुसरी, तिथं बाई. अलीकडे तिसरी-चौथी, तिथं मी. शाळेत मी तिला बाई म्हणतो, ती मला सर म्हणते. घरी निघताना गाडीला किक बसली की "अहो" सुरू होतं. कपाट छातीएवढ्या उंचीचं, त्यामुळे इकडचं सगळं तिकडं ऐकू जातं आणि तिकडचं इकडं. पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ ते कपाट आहे, असं मला अजूनही वाटतं.

वाडीतली बहुतेक घरं मेंढरं-शेळ्या राखणारी. थोडी कोरडवाहू शेती, बाकी मजुरी. पोरं धीट आणि बोलायला मोकळी. माणसाला पहिल्या दिवशी जोखतात आणि मग मत बदलत नाहीत. बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी घरातलं करून टाकलं. माझ्याबद्दल अजून विचार चालू आहे.

तिचं मराठी चांगलं, गळा चांगला, रांगोळी चांगली. स्वभावाचं तर विचारूच नका, खुद्द माझी आई त्याची जाहिरात करत फिरते. यातलं मला काहीही नको होतं. सगळं तिलाच लखलाभ. गणित तेवढं माझं होतं. आधीच्या शाळांत मी गणिताचा मास्तर म्हणून ओळखला जायचो. सेलूकडच्या एका शाळेत तर शेजारच्या गावचे गुरुजी मला भागाकाराचा तास घ्यायला बोलवायचे. म्हणून इथं आल्यावर माझी एकच इच्छा होती. चौथीतल्या एका तरी लेकरानं भागाकार माझ्या तोंडून शिकावा. फार मोठं मागणं होतं का?

चौथीत मोजकी पोरं. त्यात एक उंच पोरगी होती, वर्गात सगळ्यांत मागं बसणारी. तिचे दोन धाकटे भाऊ पलीकडे बाईंच्या वर्गात. पाढे तिचे पाठ होते. सतराचा पाढा ती झोपेतून उठवलं तरी म्हणेल. गुणाकार बघून मी खूश व्हायचो. माझी सगळी मदार तिच्यावर होती. ही शिकली की बाकीची आपोआप शिकतील, कारण पोरं माझं ऐकत नसली तरी तिचं ऐकायची.

मी फळ्यावर मांडणी केली. भाजक इकडं, भाज्य तिकडं, भागाकार वर, बाकी खाली. सतरा भागिले पाच. पाच त्रिक पंधरा, सतरातून पंधरा गेले, राहिले दोन. पोरीनं पाटीवर सगळं बरोबर केलं, दोनसुद्धा लिहिले आणि शेवटी खाली लिहिलं, बाकी शून्य.

"हे दोन दिसायलेत ना?" मी विचारलं.

"दिसायलेत सर."

"मग बाकी शून्य कशी?"

शेजारच्या पाटीवर बघितलं तर तिथंही बाकी शून्य. त्याच्या पलीकडे तेच. मला वाटलं, सगळ्यांनी हिच्या पाटीत बघून लिहिलं. मग मी सगळ्यांना लांब-लांब बसवून वेगळं गणित दिलं. तेवीस भागिले चार. भागाकार पाच, सगळ्यांचा बरोबर. बाकी शून्य, सगळ्यांची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभर मी तेच सांगत राहिलो. राहिलं ते बाकी, राहिलं ते बाकी. घसा बसला. पोरं माना डोलवायची आणि पुन्हा शून्य काढायची, तेही छान गोल.

हे सगळं कपाटापलीकडे ऐकू जातच होतं. गाडीवर बायको म्हणाली, "अहो, त्या पोरांला एकदा बोरं वाटायला लावू का? मला काहीतरी येगळंच वाटायलंय."

"तुला काय करायचंय? तुझ्या पहिलीला 'अ' काढता येईना अजून," मी म्हणालो. ती हसली. ती चिडत नाही, ही तिची आणखी एक वाईट सवय.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं लिंबाखाली पदर पसरला. त्यात बोरं होती. चौथीची पोरं गोळा झाली. मी दारात चहाचा कप घेऊन उभा होतो, म्हणजे मला बघायचं नव्हतं, पण दिसत होतं. तिनं त्या उंच पोरीला सांगितलं, सगळ्यांना सारखी वाट. पोरीनं एक-एक करत सारखे ढीग केले. मग एका पोरानं तिच्याकडे पाठ करून तोंड शेताकडं केलं. ती एका ढिगावर बोट ठेवून ओरडली, "ह्यो कोणाचा?" तो न बघताच एकाचं नाव घ्यायचा. वाडीत बोकड कापला की मटणाचे वाटे असेच घालतात. वाटणारा एक, पाठमोरा एक, म्हणजे कोणाला झुकतं माप दिल्याचा बोल लागत नाही. ढीग वाटून झाले आणि तीन बोरं राहिली. ती तिन्ही पोरीनं निवांत तोंडात टाकली.

"ती राहिलेली तीन कुणाची गं?" बाईंनी विचारलं.

"ते वाटणाऱ्याचं असतंय बाई," पोरगी बी थुंकत म्हणाली. "हात खराब करतो ना त्यो."

बाकीच्यांनी माना हलवल्या. यात विचारण्यासारखं काय आहे, असा सगळ्यांचा चेहरा. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. वाडीच्या रिवाजात बाकी उरतच नाही. ती वाटणारा घेऊन जातो. म्हणून लेकरं इमानदारीनं शून्य लिहीत होती आणि मी आठवडाभर घसा फोडत होतो.

बाई हसल्या नाहीत की त्यांना चूक म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर हाय. पण पाटीवर वाटणारा कोण हाय? कोणीच न्हाई. मग ती तीन कोणी खायची?" पोरं विचारात पडली. एक म्हणाला, "मग बाजूला ठेवावी लागतील." "तीच बाकी," बाई म्हणाल्या आणि पदर झटकून उठल्या. सुट्टी संपायच्या आत संपलं सगळं. दुपारी मी एकोणतीस भागिले सहा दिलं. बाकी पाच, बाकी पाच, बाकी पाच. सगळ्या पाट्या बरोबर. मी प्रत्येक पाटीवर बरोबरची खूण केली. एकेक खूण करताना वाटत होतं, ही माझी नाही.

आता मला सांगा, कोणाला वाईट वाटणार नाही? तिचा विषय मराठी. तिला वाडीचे रिवाज कसे कळले? तर ती रोज नळावर बायकांशी बोलते म्हणून. मी नळावर जाऊन उभा राहिलो तर बायका घागरी उचलून निघून जातील.

मीही मग जिद्दीला पेटलो. पालमच्या बाजारातून शेंगदाणे घेतले, पिशवी वर्गात नेली आणि म्हणालो, चला, आज आपण वाटू. ढीग कर म्हणून एका पोराला बसवलं आणि पाठमोरा स्वतः उभा राहिलो. मला वाटलं, तेवढंच पोरांना जवळचं वाटेल. मास्तरनं पाठ फिरवली की काय करायचं असतं, हे जगातल्या सगळ्या पोरांना ठाऊक आहे. मी "ह्यो कोणाचा" ऐकायची वाट बघत भिंतीकडं तोंड करून थांबलो. मागून नुसता कुडुमकुडुम आवाज. वळून बघितलं तर पिशवी रिकामी.

"बाकी शून्य, सर," एक जण तोंड भरलेलं असताना म्हणाला.

कपाटापलीकडून बाईंच्या हसण्याचा आवाज आला. मग पहिलीची पोरं कशासाठी ते न कळता हसायला लागली. मी रागावून शेंगदाण्यांची फोलपटं झाडायला लावली. तेव्हा ती उंच पोरगी अगदी भल्या मनानं म्हणाली, "सर, बाईंसारखं करा की." ते वाक्य माझ्या काळजात असं रुतलं, की त्या दिवशी घरी जाताना मी प्रत्येक खड्ड्यात गाडी मुद्दाम आदळली. मागं बायको गाणं गुणगुणत होती.

बाकी शिकवायचं हातून गेलं ते गेलं. पण भागाकारातलं खरं अवघड अजून यायचं होतं. मधलं शून्य. सहाशे अठरा भागिले सहा. सहाला सहाचा भाग गेला, एक. मग आला खाली एक. एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून पोरं घाईनं आठ खाली ओढतात, अठराला सहाचा भाग तीनदा लावतात आणि उत्तर काढतात तेरा. एकशे तीनाच्या जागी तेरा. मधलं शून्य खाऊन टाकतात. चांगली-चांगली पोरं तिथं आपटतात. मोठी माणसंही आपटतात. मी ठरवलं, हे शून्य माझं.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी ओट्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मधल्या शून्याला तू हात लावायचा नाही."

"कोणत्या शून्याला?"

"भागाकारातल्या. ते मी शिकवणार. तुझ्याकडं कोणी आलं तरी तू सांगायचं नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. पण तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "बरं. न्हाई लावत हात."

त्यानंतर मी काय काय केलं नाही! घरं आखली, शतक, दशक, एकक. रंगीत खडू आणले. काड्यांचे गठ्ठे बांधले. उत्तराचा ताळा करायला शिकवला, म्हणजे भागाकाराला भाजकानं गुणायचं आणि बघायचं. त्यानं तर घोटाळाच वाढला. त्या पोरीनं तेराला सहानं गुणलं, अठ्ठ्याहत्तर आले. ती घाबरून माझ्याकडं बघत म्हणाली, "सर, बाकीचे कुठं गेले?" कळपातली मेंढरं चुकल्यावर तिच्या घरी असाच चेहरा होत असणार. मी म्हणालो, "तू शून्य दिलं नाहीस म्हणून गेले." "पण शून्य म्हंजे काहीच न्हाई ना सर? काहीच न्हाई ते कशाला द्यायचं?" मी पुन्हा घरं आखली. शून्य ती लिहायची, पण मी बोट दाखवलं तरच. बोट काढलं की तेरा.

एके दिवशी मला ती उंच पोरगी पाटी घेऊन कपाटापलीकडे जाताना दिसली. मी काही बोललो नाही. कान मात्र तिकडेच. तिनं हळूच विचारलं, "बाई, हे मधलं..." आणि बाईंचा आवाज आला, "सरांकडं जा बाळा. ते सांगतील." पोरगी थोडा वेळ तिथंच थांबली असावी. मग परत आली आणि पाटी दप्तरात घातली. त्या दिवसापासून तिनं मलाही काही विचारलं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, बस्स.

मला बरं वाटायला हवं होतं. बायकोनं शब्द पाळला होता. पण उलट जळफळाटच वाढला. शब्द पाळण्यातही ती माझ्यापेक्षा सरस निघाली. मी तिच्या जागी असतो तर गपचूप सांगून मोकळा झालो असतो आणि वर गाजावाजा केला असता.

मग शाळा तपासायला केंद्रप्रमुख साहेब येणार असल्याचा निरोप आला. ते पोरांना भागाकार येतो का बघणार होते. मी गाडीवर म्हणालो, "शून्य झालंय तयार." मागून "हं" एवढंच आलं.

साहेब आले, हेल्मेट टेबलावर ठेवलं, पाणी प्यायले. माणूस सज्जन, पोरांशी प्रेमानं बोलणारा. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि नेमकं त्या उंच पोरीला फळ्याशी बोलावलं. "लिही. पाचशे पस्तीस भागिले पाच."

तिनं मांडणी सुरेख केली. वर एक लिहिला. तीन खाली घेतले. थांबली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, शून्य दे, शून्य दे. तिनं पाच खाली ओढले, पस्तीस केले आणि एकाशेजारी सात लिहिले. सतरा. मग तिनं मी शिकवल्याप्रमाणे ताळा केला. सतरा पंचे पंच्याऐंशी. खडू तिच्या हातातच राहिला. ती आकड्याकडं बघत होती. मी इथं, अगदी तिच्या बाजूला उभा होतो. तिनं मान वळवली ती कपाटाकडं. माझ्याकडं नाही.

पलीकडे एकदम शांतता होती. बाईंनी पहिलीची पोरं गप्प बसवलेली. तिला सगळं ऐकू गेलं होतं आणि ती येत नव्हती, कारण मी तिला भाकरी थापताना बांधून घेतलं होतं. साहेब माझ्याकडं बघत होते. मी उगाच टेबलावरचा डस्टर सरळ केला. दोन-चार क्षण मला खरंच असं वाटलं, की राहू दे, एका गणितानं काय होतंय. पण पोरगी आता रडणार हे दिसत होतं. आणि मला रागही आला, कोणाचा ते नक्की सांगता येणार नाही.

"बाई," मी जोरात म्हणालो, "जरा इकडं या."

कपाटावरून तिचं डोकं दिसलं. "येऊ?" तिनं विचारलं. साहेबांसमोर, एखाद्या परक्या माणसाला विचारावं तसं.

"या म्हणालो ना."

ती आली. फळ्याकडं बघितलं आणि सरळ फळ्याकडं पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "मी पाठमोरी हाय. मला काही दिसंना. पाच जणांला वाटायलीस, मला एकेका घराचं सांग. शतकाच्या घरात एकेकाला किती?"

"एक," पोरगी म्हणाली.

"दशकाच्या?"

पोरीनं तीनावर बोट ठेवलं. "तीनच हायेत बाई. पाच जणांला पुरनात."

"पुरनात म्हणून गप बसलीस तर मला कसं कळंल? तू पुढचं सात म्हणशील आणि मी ते दशकाच्याच घरात धरीन. मला दिसंना ना."

पोरीचे डोळे मोठे झाले. वाटे घालताना पाठमोऱ्याला सगळं तोंडानं सांगावं लागतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "दशकाच्या घरात काहीच न्हाई!" ती ओरडली. आणि एकाच्या आणि साताच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तिनं दाटीवाटीनं शून्य बसवलं. मग एकशे सात पंचे करून बघितलं. सगळे पाचशे पस्तीस सापडले. पोरगी हसली आणि तिच्याबरोबर साहेबही हसले.

निघताना साहेब हेल्मेट घालता-घालता म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. चौथीचं गणित बाईंकडं द्या. तुम्ही तेवढा वेळ पहिलीवर बसा." मी म्हणालो, "देतो."

येताना गाडीवर ती म्हणाली, "मी साहेबांला सांगते, मला जमणार न्हाई म्हणून."

"नको."

"तुमी नाराज झालात."

"झालो," मी म्हणालो. "पण पोरीला यायलंय ना आता. राहू दे तुझ्याकडं."

ती माझ्या खांद्यावरचा हात काढून घेईल असं वाटलं होतं. नाही काढला. त्याचाही मला रागच आला.

आता गणिताच्या तासाला ती कपाटाच्या अलीकडे असते आणि मी पलीकडे, बुटक्या खुर्चीवर, पहिलीच्या पोरांत. त्यांना मी एकेक बोट मोजायला शिकवतो. कान अजून पूर्वीच्याच बाजूला लागलेले असतात. तिकडं पोरं भराभर उत्तरं देतात, मधली शून्यं, शेवटची शून्यं, सगळी. प्रत्येक शून्याला माझ्या पोटात बारीक कळ येते आणि ती कमी होण्याचं काही चिन्ह नाही.

परवा ती उंच पोरगी खडू न्यायला इकडं आली. खडूचा खोका माझ्या बाजूला असतो. मी खोका उघडून दिला आणि न राहवून विचारलं, "काय गं, भागाकार जमायलाय का?"

"जमायलाय सर. लय सोपा हाय."

"मग मी शिकवत होतो तेव्हा का जमत नव्हता?"

तिनं खरंच विचार केला. मला लागावं म्हणून नाही, विचारलंय तर खरं सांगावं म्हणून. खडूचे दोन तुकडे निवडून मुठीत घेतले.

"तवा अवघड होता, सर," ती म्हणाली आणि बाईंच्या वर्गात पळाली.